शाळेचं रान

"हात पुढं कर," पाहुणा म्हणाला. एस्तरने हात पुढे केला. आगटीतून नुकतंच काढलेलं ज्वारीचं कणीस त्याने तिच्या उघड्या तळहातावर ठेवलं.

ती दचकली. कणीस मातीत पडलं. सतरंजीवर बसलेली माणसं हसली.

"अगं, चोळ की! तुमचे हात कोयत्याचे. तुमाला काय व्हतंय?"

एस्तर सातवीत आहे. तिने कणीस उचललं, फुंकर मारून माती उडवली, आणि दोन्ही तळव्यांमध्ये धरून चोळायला लागली. हिरवे, वाफाळलेले दाणे ताटलीत गळू लागले. जळत्या गोवऱ्यांचा धूर, भाजल्या कणसाचा गोड, दुधाळ वास. पौषातलं कोवळं ऊन. दुसऱ्या कोणाच्या आठवणीत हे सगळं सुंदर असू शकलं असतं. मला मात्र त्या वासाखाली दुसरा एक वास येत होता. कातडीचा.

शाळेच्या रानात त्या दिवशी हुरडा पार्टी होती. बोरीच्या झाडाखाली सतरंज्या अंथरल्या होत्या. मधोमध तात्यासाहेब बसले होते. आमच्या शाळेच्या चारी बाजूंची जमीन त्यांची आहे, आणि आमच्या भागात कोण निवडून येणार हे त्यांच्या ओसरीवर ठरतं. त्यांच्या शेजारी चर्चच्या मालमत्ता समितीचे चेअरमन. शहरातून आले होते. अंगात उंची लोकरी स्वेटर, गळ्यात चांदीचा क्रूस. आणि भोवती तात्यासाहेबांचे ठेकेदार, भाचे, पुतणे.

मी या शाळेच्या बोर्डिंगची अधीक्षिका. सातवीला मराठीही शिकवते. कवितेचा तास चालू होता तेव्हा चेअरमनसाहेबांचा निरोप आला. "मुलींना रानात पाठवा, भगिनी. हुरडा चोळायला कोणी नाही. त्यांना सवय असते."

मी पाठवल्या नाहीत. मी घेऊन गेले. हे जास्त वाईट.

मुली आगटीभोवती उकिडव्या बसल्या. एक कणीस झालं की दुसरं. माझ्या हातात जवसाच्या चटणीचं भांडं होतं. बोर्डिंगच्या चुलीवर भाजलेली, आमच्याच उखळात कुटलेली चटणी. पाहुणे न बघता हात लांबवत, चिमूट घेत. मी भांडं धरून उभी. भांडं ठेवायला जमीन होती, पण मला कोणी ठेवा म्हटलं नाही आणि मला ते सुचलं नाही.

मग तात्यासाहेबांनी ताटलीतून मूठभर हुरडा उचलला आणि एस्तरच्या मांडीवर, फ्रॉकच्या घोळात टाकला. कोंबडीला टाकावा तसा.

"घे. तूबी खा. आमच्या रानात कोनी उपाशी उठत न्हाई."

आमच्या रानात.

चेअरमनसाहेब प्रेमाने पुढे झुकले. "काय म्हणायचं असतं, बाळा?"

"थँक्यू, तात्यासाहेब."

"सगळ्यांनी. मोठ्यानं."

आणि सगळ्या मुली एका सुरात म्हणाल्या, "थँक्यू, तात्यासाहेब!" बोर्डिंगच्या मुलींना एका सुरात बोलायची सवय असते. ती आम्हीच लावतो. ज्वारीच्या ताटांवर बसलेली पाखरं त्या आवाजाने उठली, हवेत एक गिरकी घेऊन पुन्हा बसली.

त्या रानातली ज्वारी म्हणजे या मुलींची वर्षाची भाकर होती. ती कोवळी असतानाच माणसं खात होती. आणि मुली आभार मानत होत्या.

*

हे रान शाळेचं कसं झालं, हे आमच्या वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. कोणी वाचून सांगितलेलं नाही. चुलीपुढे बसून ऐकलेलं आहे.

निजामाची अमदानी होती. वर गोऱ्यांचा दाब, खाली निजामाचे अंमलदार. घोड्यावरून एक गोरा पाद्री आला. त्याला आमच्या वस्तीतल्या पोरांसाठी शाळा काढायची होती. गावातल्या शाळेत आमच्या पोरांना दाराच्या आत घेत नव्हते. शाळा म्हणजे खर्च. खर्चाला उत्पन्न पाहिजे. मग सरकारने पाद्र्याला हा माळ दिला. अट एकच. रानाचं पीक शाळेला. शाळा चालेल तोवर रान शाळेचं.

सरकारच्या लेखी ती पड जमीन होती. आमच्या लेखी ती चूल होती. वस्तीतल्या बायका तिथून तरवडाचं सरपण आणत, शेण वेचत, गवत कापून गावात विकत. माळाच्या एका कडेला आमची माणसं पुरलेली होती. कोणी विचारलं नाही. गोऱ्याने मागितलं, निजामाने दिलं, आणि आमच्याच पायाखालचा माळ आमच्याच नावाने दान झाला.

पाद्री म्हणाला, दगड वेचा, तुमची पोरं वाचायला शिकतील. माझ्या पणज्याने दगड वेचले. पणजीने वेचले. पाठीवर लेकरू बांधून वेचले. रानाच्या खालच्या अंगाला त्या दगडांचा बांध आहे. त्याच्यावर अजून शेवाळ धरत नाही, इतका तो रखरखीत आहे.

मी या दानाला नुसती शिवी देऊन मोकळी होऊ शकत नाही. कारण भाकर खरी होती. फळा खरा होता. माझा आज्जा त्या फळ्यासमोर बसला आणि आमच्या घरात पहिल्यांदा कोणाला तरी आपलं नाव दिसलं. गोरे गेले, निजाम गेला, समित्या आल्या. बोर्डिंग राहिलं. आता तिथे फक्त ख्रिस्ती मुली नसतात. ज्यांचे आईबाप ऊस तोडायला जातात त्या कोणत्याही घरच्या मुली असतात. दिवाळी झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं पश्चिमेकडच्या कारखान्यांवर जातात. वस्तीच्या दारांना कुलपं लागतात. मुली आमच्याकडे येतात. रानातली ज्वारी दळली जाते. त्या भाकरीवर मुली सातवी करतात, दहावी करतात. एक नर्स झाली. एक तलाठी झाली. मी मास्तरीण झाले.

भाकर खरी होती. ती कोणाची, हे मात्र आम्हाला नेहमी खोटं सांगितलं गेलं.

मी बोर्डिंगमध्ये होते तेव्हा नाताळाआधी शहरातून गाडी यायची. समितीतल्या कुटुंबांनी दिलेले जुने कपडे यायचे. एका वर्षी मला निळा स्वेटर मिळाला. मऊ. त्याला डांबराच्या गोळीचा वास होता. त्याआधी माझ्या अंगाला इतकं मऊ काही लागलं नव्हतं. नाताळाच्या उपासनेला मी तो घालून बसले. पुढच्या बाकावरच्या मुलीने मागे वळून बघितलं.

"मम्मी, हिनं माझा स्वेटर घातलाय."

तिची आई उठून माझ्याजवळ आली. भर उपासनेत. तिने माझी कॉलर मागून उलटी केली. आतल्या बाजूला लाल दोऱ्याने त्या मुलीचं नाव भरलेलं होतं. तिने ते शेजारच्या बायकांना दाखवलं. "बघा, अजून किती छान राहिलाय." मग माझ्या गालावर हात फिरवला. "काय म्हणायचं असतं?"

"थँक्यू."

माझी मान उघडी होती आणि सगळं चर्च ती बघत होतं. तेवढ्या वेळात मला स्वतःचं नाव आठवेना.

उन्हाळ्यात माय ऊसतोडीवरून परत आली तेव्हा मी स्वेटर तिच्यापुढे टाकला. म्हटलं, मी हा परत घालणार नाही. तिने तो उचलला, झटकला. तिच्या बोटांवर उसाच्या पात्याच्या बारीक चिरा होत्या.

"घाल गुमान," ती म्हणाली. "थंडीला नाव वाचता येत न्हाई."

मी घातला. पुढची कित्येक वर्षं मी तशीच जगले. थंडीला नाव वाचता येत नाही, असं मनाला सांगत.

*

हुरडा झाल्यावर चेअरमनसाहेबांनी मला कार्यालयात बोलावलं. तात्यासाहेब दाराच्या चौकटीला टेकून दात कोरत होते.

"बसा, भगिनी. तुम्हाला वाईट वाटेल, पण प्रार्थनापूर्वक निर्णय झालाय. बोर्डिंग बंद करतोय."

मला आधी शब्द कळले नाहीत. आवाज फक्त कळला. उपदेशाच्या शेवटी येतो तसा, मऊ.

"का?"

"मुलंच नाहीत. मी स्वतः समितीला वस्तीतून फिरवलं. प्रत्येक दाराला कुलूप. चिटपाखरू नाही. ज्या वस्तीत माणूस नाही तिथे शाळा कोणासाठी?"

मी त्यांच्याकडे बघत राहिले. या माणसाचं चर्च इतकी वर्षं आमच्या मुलींच्या नावाने चाललं आहे, आणि त्याला एवढं माहीत नाही.

"साहेब, वस्ती रिकामी असते म्हणूनच बोर्डिंग भरलेलं असतं. त्या कुलपांमागच्या मुली इथे आहेत. आत्ता तुमच्यासाठी हुरडा चोळून गेल्या त्या."

ते गळ्यातला क्रूस बोटांत फिरवू लागले. दारातून तात्यासाहेब हसले. त्यांना हे सगळं माहीत होतं. ते इथलेच आहेत.

"त्याचीबी सोय केलीय बाई. मुकादमाची ट्रॉली येईल. पोरी आयबापाकडं पोचत्या करू. कुलपं बगून समिती खूश, पोरी बगून आयबाप खूश."

"मुलांची जागा आईवडिलांजवळ असते," चेअरमनसाहेबांना धागा सापडला. "हे तुम्हाला मी सांगावं?"

"आणि रान?"

उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मुली गेल्या की शाळा नाही. शाळा नाही तर रान मोकळं.

"रोडटच जमीन हाय बाई," तात्यासाहेब म्हणाले. समजूत घालावी तसे. "प्लॉट पडतील. ज्वारी काय, कुटंबी येती."

मी म्हटलं, उन्हाळ्यापर्यंत थांबा. माणसं परत येऊ द्या. त्यांना विचारा.

"उन्हाळ्यात वस्ती भरती. मग बोंबाबोंब व्हती." त्यांनी दातकोरणं बाहेर टाकलं. "म्हनूनच आत्ता."

त्यांच्या बोलण्यात कसलाही आडपडदा नव्हता. आमच्यापासून काही लपवावं, एवढीही आमची भीती त्यांना वाटत नव्हती.

*

मी आईबापांना फोन लावायला घेतले. काही लागले नाहीत. काही लागून तुटले. एस्तरच्या आईला, कौसल्याबाईंना, लागला. पलीकडे पाचट तुडवल्याचा आवाज, कोणीतरी बैलाला हाकत होतं.

"बाई, ट्रॉलीत बसवू नगा तिला," त्या आधीच म्हणाल्या. त्यांना कळलेलं होतं. "पाया पडते तुमच्या. हितं खोपीत आमी चार मानसं. उघड्यावर न्हानी. मुकादम म्हनतोय, पोरगी आली तर काम करंल. आन् एकटीला कोन घील? जोडीला कोयता असतो, नवरा-बायकूला मिळून एक. तेनं पोरगाबी बघून ठिवलाय."

"कोणासाठी?"

"एस्तरसाठी, बाई. लगीन लावा म्हनतोय. जोडी व्हईल म्हनतोय."

"आणि तिचे वडील?"

त्या पाचट तुडवत थोड्या लांब गेल्या.

"ते गप बसलेत," कौसल्याबाई म्हणाल्या. "गप बसनारा मानूस हो म्हनतोय का न्हाई, ते तुमाला ठावं हाय. तुमी शिकलेल्या हाव."

मला ठाऊक होतं. मी चटणीचं भांडं धरून उभी होते तेव्हा मीही हो म्हणत होते.

फोन ठेवून वळले तर दारात एस्तर. तिच्या तळव्यांवर फोड आले होते. पाणी भरलेले, फुगलेले. पेन्सिल ती बोटांच्या टोकांनी धरत होती.

"बाई, मला पाटवनार का?"

मी खोबरेल तेल आणून तिच्या तळव्यांना लावलं. तिने पुन्हा विचारलं नाही. मोठ्या माणसांना पुन्हा विचारायचं नसतं, हे तिला आताच कळलेलं होतं.

*

ट्रॉली सकाळी आली. परळीकडून वारा होता. असा वारा असला की औष्णिक केंद्राची राख इथवर येते. ज्वारीच्या पानांवर बारीक करडी पूड बसते, आणि जिभेवर विझलेल्या चुलीची चव. मुलींच्या पत्र्याच्या पेट्या व्हरांड्यात मांडल्या होत्या. त्यांवरही राख होती. कोणीतरी बोटाने तीत आपलं नाव लिहिलं होतं.

मुकादम आमच्याच भावकीतला. त्याने माझी नजर टाळली. "चला गं पोरींनो, बसा. थंडी हाय, पटापटा."

एकही मुलगी हलली नाही.

चेअरमनसाहेब स्वतः एकेका खोलीला कुलूप लावत होते. वर्ग. कोठी. स्वयंपाकघर. लावताना ते एक स्तोत्र गुणगुणत होते. माझ्या आवडीचं. लहानपणापासून पाठ असलेलं. तेही त्या दिवशी माझ्याकडून गेलं.

मग ते माझ्याजवळ आले. "तुम्ही सांगा, भगिनी. तुमचं ऐकतात त्या."

तेव्हा मला समजलं की माझी नेमणूक कशासाठी झाली होती. कविता शिकवायला नाही. वस्तीतली एक बाई हवी होती, जिच्या आवाजात मुली ट्रॉलीत बसतील. ट्रॉली त्यांची होती, कुलपं त्यांची होती. त्यांच्याकडे नव्हता फक्त असा आवाज. आणि तो माझ्या गळ्यात होता.

"मी सांगणार नाही."

"काय?"

"मी सांगणार नाही. आणि मला भगिनी म्हणू नका."

त्यांचा चेहरा बदलला. मऊपणा निघाला आणि आतून जे बाहेर आलं ते मी ओळखत होते. माझी कॉलर उलटी करणाऱ्या बोटांसारखं होतं ते.

"आम्ही शिकवलं नसतं तर आज कोयता घेऊन फडात असता तुम्ही."

"असते."

"मग? कोणामुळे उभ्या आहात इथे?"

मी खालच्या बांधाकडे हात केला.

"या रानामुळे. आणि त्यातले दगड माझ्या पणज्याने वेचले म्हणून."

"मजुरी घेऊन वेचले असतील."

"मजुरी दिली नव्हती. शाळा हीच मजुरी ठरली होती. ती तुम्ही आज बंद करताय."

तात्यासाहेब जीपमधून ओरडले, "साहेब, कशाला तोंडी लागताय? कुलपं लागली ना? थंडी वाजंल तवा आपसूक बसतील."

ते बरोबर होतं. खोल्या बंद. कोठी बंद. पांघरुणं आत. मुली फाटकात उभ्या, उघड्या पायांनी, आणि मी त्यांना 'नाही' या शब्दाखेरीज काहीही दिलेलं नव्हतं. नकार देताना छाती भरून येते असं मी ऐकलं होतं. मला फक्त त्यांचे गारठलेले पाय दिसत होते. मी या लेकरांना कुठे नेणार होते?

तेवढ्यात माय आली. ऊस तोडून तोडून तिची कंबर आता सरळ होत नाही. म्हणून ती वस्तीतच असते. काठी टेकत, राखेतून, वाकून चालत आली. तिच्या कमरेला पिशवी होती. ती चालताना वाजत होती.

आमच्या वस्तीत रीत आहे. ऊसतोडीला जाताना माणसं किल्ल्या सोबत नेत नाहीत. फडात हरवतात. मागे राहणाऱ्या एका म्हातारीकडे ठेवतात. गेली काही वर्षं ती म्हातारी माझी माय आहे. दर सांजेला ती एकेका दारापुढे जाते, कुलूप ओढून बघते, उंबऱ्यावर पाणी शिंपडते. समितीने जी कुलपं बघितली त्या सगळ्यांच्या किल्ल्या तिच्या कमरेला होत्या.

"कुलूप दिसलं की घर मेलं, आसं वाटलं व्हय रे तुला?" ती चेअरमनसाहेबांना म्हणाली. ती त्यांना अरे-तुरे करत होती. मग मुलींकडे वळली. "चला गं बायांनो. आपापलं घर वळखा."

मुली निघाल्या. पेट्या उचलून. ट्रॉलीच्या बाजूने, मुकादमाच्या पुढून. मुकादमाने एक पेटी खाली पडताना झेलली आणि पुन्हा मुलीच्या डोक्यावर ठेवली.

वस्तीत एकेक कुलूप उघडलं. बंद घराचा वास येतो, उंदीर आणि ओलसर कांबळ्याचा. मुलींनी आपल्याच घरांत वाकून बघितलं, परक्यासारखं. थोड्या वेळाने मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांनी चुली पेटवल्या. ज्या वस्तीत माणूस नव्हता तिच्यावर धूर चढला.

त्याच दुपारी मी रानात वर्ग घेतला. ज्वारीच्या ओळींमधे. फळा कुलपात होता. मी पाटीवर लिहिलं आणि पाटी उंच धरली.

*

यानंतर सगळं नीट झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल.

मला नोकरीवरून काढलं आहे. कोठीतलं मागच्या वर्षीचं धान्य कुलपात सडतंय. म्हाताऱ्यांच्या घरातलं पीठ संपत आलं. रविवारी चर्चमध्ये गेले तर माझ्या बाकावरची माणसं उठून दुसरीकडे बसली. त्यांतल्या निम्म्यांना मी वाचायला शिकवलं आहे. दोन मुलींच्या बापांनी फोनवर शिव्या देऊन त्यांना बोलावून घेतलं. त्या त्याच ट्रॉलीतून गेल्या. एकीने मागे बघितलं नाही. दुसरी वळणापर्यंत बघत राहिली. तिची वही माझ्याकडेच राहिली आहे. ती मी उघडत नाही.

काल तात्यासाहेबांचा ट्रॅक्टर रानात आला. मागे रोटाव्हेटर. उभ्या ज्वारीत घालायला. आम्ही वाफ्यात उभ्या राहिलो. मुली, म्हाताऱ्या, मी. ड्रायव्हर ओळखीचा. त्याने इंजिन बंद केलं नाही. गाडी गुरगुरत राहिली आणि डिझेलचा धूर कणसांवर बसत राहिला.

"बाई, बाजूला व्हा ना. मला कामून पापात घालता?"

"मी घालत नाही. घालणाऱ्याला बोलाव."

तो मागे गेला. तात्यासाहेबांचा निरोप संध्याकाळी आला. परवा सकाळी पोलीस घेऊन येतो. परक्याच्या जागेत घुसल्याचा गुन्हा. मुलींना पळवल्याचाही.

आणि आज सकाळी कौसल्याबाईंचा फोन. आवाज इतका बारीक की फोन कानात दाबून धरावा लागला.

"बाई, एस्तरचा बाप निघालाय. आनायला. पाडव्याला लगीन धरलंय."

"तुम्हाला काय हवंय?"

"मला काय इचारता बाई. मला कवा कोनी इचारलंय?"

"मी विचारतेय. मोठ्यानं सांगा."

पलीकडे कोयता पडल्याचा आवाज आला. त्यांनी तो टाकला असेल, किंवा कोणा दुसऱ्याचा असेल.

"नगं," त्या म्हणाल्या. मग ओरडल्या. फडातल्या सगळ्यांना ऐकू जावं अशा. "माझ्या पोरीचं लगीन नगं! न्हाई द्यायची!"

आणि फोन तुटला.

माझ्या अंगात आता राग नाही. रागाला भाकर लागते आणि ती संपत आली आहे. आशाही फारशी नाही. उद्याच्या सकाळचं मला सगळं दिसतं आहे. जीप, कुलपं लावणारे हात, एस्तरचा बाप आणि त्याच्या डोळ्यांत दिसणारी माझीच भीती. त्याला मी काय सांगणार ते माझं ठरलं आहे. लेक तुझी आहे, तिच्या आईने नको म्हटलं आहे, आणि वयात न आलेल्या मुलीचं लग्न लावलंस तर तुझ्यावर पहिली तक्रार मी करीन. मग तू मला मार, नाहीतर माझ्या शेजारी उभा राहा. तिसरी जागा नाही.

पोलिसांनाही सांगणार आहे. शाळा चालू आहे. तास चालू आहे. बसा, नाहीतर जा.

ही ज्वारी पिकेल. आम्ही ती काढू, खळं करू, मळू, आणि मुलींच्या घराघरांतल्या कणग्यांत भरू. कोणाला विचारणार नाही. कोणाचे आभार मानणार नाही, आणि माझ्यासमोर एकाही मुलीला मानू देणार नाही. मला उचलून नेलं तर माय वर्ग घेईल. तिला वाचता येत नाही. मुली तिला शिकवतील, तोही वर्गच असेल.

ज्याला हे रान हवं आहे त्याने नांगर घेऊन यावं. पहिल्या ओळीत मी उभी असेन. माझ्या अंगावरून घातल्याशिवाय दुसरी ओळ मिळणार नाही.